माहिती कुणाची, आणि किती वेळाची?

मलकपेठ, हैदराबाद येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान



समोर बसलेल्या मुलामुलींपैकी बरेच जण नांदेड-लातूरकडून अमीरपेठेत किंवा इथे शेजारी दिलसुखनगरात जावा शिकायला आले आहेत. जावातून वेबपानं बनवण्याच्या जेएसपीतले नऊ अंगभूत ऑब्जेक्ट त्यांना पाठ आहेत: रिक्वेस्ट, रिस्पॉन्स, आउट, सेशन, अ‍ॅप्लिकेशन, कॉन्फिग, पेजकॉन्टेक्स्ट, पेज आणि एक्सेप्शन. मुलाखतीत विचारतात, म्हणून पाठ असावेतच. पण काम करायला बसलं की प्रश्न वेगळा येतो. हातातली माहिती कुणाची आहे आणि ती किती वेळ जपायची आहे? आज मला एवढंच सांगायचं आहे.

एचटीटीपी मुळातच मागचं काही लक्षात ठेवत नाही. प्रत्येक विनंती त्याला नवी. 1994 साली नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी कुकी आणली, तेव्हा मघाचाच माणूस पुन्हा आलाय हे सर्व्हरला ओळखता येऊ लागलं. पुढे 1996 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एएसपीने आणि 1999 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या जेएसपीने सेशन, अ‍ॅप्लिकेशन ही ऑब्जेक्ट पानात आयती दिली.

आता आपल्या मलकपेठच्या गंजातला, म्हणजे घाऊक बाजारातला, कांदा घ्या. त्यातला पुष्कळसा महाराष्ट्रातून येतो. समजा, इथल्या अडत्यांसाठी तुम्ही वेबसाइट करताय. आजचा भाव सगळ्यांना सारखाच दिसायचा, म्हणून तो अ‍ॅप्लिकेशनमध्ये. लॉगिन केलेला अडत्या कोण, हे सेशनमध्ये. एका शेतकऱ्याची हिशेबपट्टी फक्त या विनंतीपुरती, म्हणून रिक्वेस्टमध्ये. पट्टीतल्या एका ओळीची बेरीज त्या पानाबाहेर कुणालाच नको, ती पेजकॉन्टेक्स्टमध्ये. ठेवताना सेटअ‍ॅट्रिब्यूट, काढताना गेटअ‍ॅट्रिब्यूट. चारही ठिकाणी रीत तीच. रीत एकच असल्यामुळेच माहिती चुकीच्या ठिकाणी ठेवली तरी पान बिनतक्रार चालतं, आणि म्हणून हा विषय मला गंभीर वाटतो.

सगळ्यात घातक जागा या चारांत नाहीच. जेएसपीत टक्क्याच्या चिन्हापुढे उद्गारचिन्ह टाकून व्हेरिएबल जाहीर करता येतं. दिसायला साधं, पण पानाचं सर्व्हलेट होताना ते त्या क्लासचं फील्ड बनतं. सर्व्हलेटचा ऑब्जेक्ट साधारणपणे एकच असतो आणि सगळ्यांच्या विनंत्या निरनिराळ्या थ्रेडमधून त्याच्यातूनच जातात. तिथे शेतकऱ्याचं नाव ठेवलंत, की एका अडत्याचं पान तयार होत असतानाच दुसऱ्याची विनंती ते नाव बदलून टाकते. वजन एकाचं, नाव भलत्याचंच. एकट्याने तपासताना हे कधी दिसत नाही. बाजार भरला, चारजण एकदम कामाला लागले, की दिसतं. कुणाच्या घामाचे पैसे कुणाच्या नावावर लागतील, याचा भरवसाच राहत नाही.

अ‍ॅप्लिकेशनचंही तसंच. दिवसाची आवक तिथे ठेवून प्रत्येक गाडीला तीत भर घालत गेलात, तर दोन थ्रेड एकाच वेळी जुना आकडा वाचतात आणि एक गाडी हिशेबातून गळते. शिवाय सर्व्हर दोन केले, की प्रत्येकाचं अ‍ॅप्लिकेशन वेगळं. आवक डेटाबेसमध्येच नोंदवावी. भावही मुळात तिथेच असावा, अ‍ॅप्लिकेशनमध्ये फक्त वाचण्यासाठी त्याची प्रत.

सेशनचा मोह मात्र फार सोज्वळ असतो. पट्टी रिक्वेस्टमध्ये ठेवून फॉरवर्ड केली, तर पुढच्या पानाला मिळते. सेंडरिडायरेक्ट केलं, की ब्राउझर नवी विनंती पाठवतो आणि हाती नल येतं. मग मुलं पट्टी सेशनमध्ये टाकतात. लगेच चालतं! पण अडत्याने दोन टॅबमध्ये दोन शेतकऱ्यांच्या पट्ट्या उघडल्या तर? दोन्ही टॅबची कुकी एकच, म्हणजे सेशनही एकच. नंतर उघडलेली पट्टी आधीच्या पट्टीवर बसते. पहिल्या टॅबवर परत येऊन त्याने ‘जतन करा’ दाबलं, की समोर दिसते एक आणि जतन होते दुसरीच. पडद्यावर चूक म्हणून काहीही येत नाही. टॉमकॅट या सर्व्हरमध्ये सेशन काही हालचाल नसताना मुळात तीस मिनिटं टिकतं. म्हणजे ही शिळी पट्टी तेवढा वेळ तरी तिथे पडून राहणार.

यावरचा उपाय सोपा आहे. रिडायरेक्ट करताना पत्त्यात फक्त पट्टीचा क्रमांक पाठवा आणि पुढच्या पानाआधी ती डेटाबेसमधून पुन्हा वाचा. मात्र पत्त्यातला क्रमांक कुणीही बदलू शकतो. म्हणून वाचलेली पट्टी सेशनमधल्या अडत्याचीच आहे ना, हे प्रत्येक वेळी ताडून पाहा आणि मगच ती रिक्वेस्टमध्ये ठेवून पानाकडे फॉरवर्ड करा. ‘जतन करा’लाही तीच तपासणी लावा. बाजारातल्या ऑफिसात एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने माणसं बसतात; त्यामुळे लॉगआउटचं बटण दिलंत तर त्यामागे सेशन संपवणारं इनव्हॅलिडेट लिहायला विसरू नका.