ईमेलचा रुमाल

पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील जुने कागद कापडी रुमालांत बांधून ठेवण्याची रीत होती. सुटे कागद गहाळ होतात, हें तर खरेंच; परंतु कोणता कागद कोणत्या कागदाशेजारीं होता, हेंहि पुष्कळदां मजकुराइतकेंच महत्त्वाचें असतें. ईमेलनें अनेक फाइली पाठवितांना ही जुनी रीत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

समजा, एका गृहस्थांना वडिलार्जित घराचे चाळीस कागद परगांवीं असलेल्या बहिणीकडे पाठवावयाचे आहेत. खरेदीखतें, करपावत्या आणि नकाशे त्यांनीं संगणकावर तीन फोल्डरांत नीट लावले आहेत. पण फोल्डर ईमेलला जसाच्या तसा सहसा जोडतां येत नाहीं. पत्राबरोबर जाते ती फाइल. फोल्डर ही केवळ फाइली ठेवण्याची व्यवस्था होय. मग ते चार पत्रांतून सुट्या फाइली धाडतात. बहिणीच्या हातीं नुसता ढीग पडतो. त्यांत एक पावती मागें राहते, आणि ती मुद्दाम वगळली कीं काय, अशी शंका भावाबहिणींत उभी राहते.

यावर उपाय म्हणजे झिप. ही पद्धति फिल कॅट्झ यांनीं १९८९ सालीं प्रचारांत आणली. फोल्डरवर माउसची उजवी कळ दाबून झिप करण्याचा पर्याय निवडला कीं आंतील सर्व फोल्डर, त्यांच्या नांवांसह व क्रमासह, एकाच फाइलींत बांधले जातात. प्रत्येक फाइलीसाठीं पडताळणीचा एक आंकडाहि त्यांत नोंदलेला असतो. वाटेंत कांहीं बिघडलें तर उघडतांना तें कळून येतें.

मात्र झिप केल्यानें सारेंच लहान होतें, हा समज चुकीचा आहे. साधा मजकूर पुष्कळ आंखडतो. जेपेग छायाचित्रें आधींच दाबलेलीं असल्यामुळें फारशीं आंखडत नाहींत. शिवाय ईमेल मुळांत साध्या अक्षरांसाठींच निर्माण झाली. नॅथॅनिएल बोरेन्स्टीन व नेड फ्रीड यांनीं १९९२ सालीं मांडलेल्या माइम पद्धतीनें इतर फाइली तिच्यांतून जाऊं लागल्या. त्यासाठीं फाइलीच्या दर तीन बाइटांचीं चार अक्षरें केलीं जातात. म्हणून १८ मेगाबाइटांची फाइल प्रवासांत सुमारें २४ मेगाबाइटांची होते. जीमेलची मर्यादा २५ मेगाबाइटांची आहे. त्यापलीकडचें ओझें ड्राइव्हवर ठेवून पत्रांत केवळ त्याचा दुवा द्यावा लागतो.

कागद खाजगी असल्यास झिपला परवलीचा शब्द लावावा. परंतु तो त्याच पत्रांत लिहूं नये, दूरध्वनीवरून सांगावा. कुलूप आणि किल्ली एकाच पुडक्यांत घालण्यांत शहाणपण नाहीं.

शेवटची गोष्ट यंत्राची नव्हे, माणसाची. पत्रांत आरंभींच लिहावें: सोबत तीन फोल्डर, एकूण चाळीस कागद. बहिणीनें ते मोजून पोंच द्यावी. एका ओळीची ही यादी घरांतील पुष्कळ गैरसमज टाळते.