आपण विचार कसा करतो?

(प्राध्यापिका व कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा सारांश)

मी विद्यापीठात एम. ए. ला शिकवते. २०२० साली कोरोनामुळे वर्ग बंद झाले, तेव्हापासून काही अभ्यास मी ऑनलाइन गटांत घेते. पाच जणांचा गट, आणि सगळ्यांना लिहिता येईल असं एक सामायिक पान.

जॉन फ्लेवेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात 'मेटाकॉग्निशन' हा शब्द रूढ केला. शब्द जड, अर्थ साधा. मला काय कळलंय, काय कळलेलं नाही, आणि माझं मत कशाच्या आधारावर उभं आहे, याचं भान. कॅनडातले रँडी गॅरिसन आणि त्यांचे सहकारी म्हणतात, हे भान एकट्याचं नसतं. एकमेकांचा विचार तपासताना ते वाढतं. आपल्याला हे नवीन नाही. "सोसणं म्हणजे चांगुलपणा, हे मला कुणी शिकवलं?" असं आपण गटात बसून विचारलं, ते दुसरं काय होतं?

पण गट केला की भान आपोआप येत नाही. माझ्या वर्गात मुलगे मतं मांडायचे आणि मुली टाइप करायच्या. काही मुलींच्या घरी एकच फोन, तोही भावाकडे. त्या रात्री उशिरा येऊन "बरोबर आहे" एवढंच लिहायच्या.

म्हणून आम्ही तीन नियम केले. प्रश्न विचारणं, हरकत घेणं, सारांश लिहिणं ही कामं दर आठवड्याला बदलायची. ठराविक तासाची सक्ती नाही, तीन दिवसांत केव्हाही लिहावं. आणि शेवटी प्रत्येकाने नोंदवायचं : माझं मत कुणाच्या कोणत्या प्रश्नामुळे बदललं?

हुंड्यावरच्या चर्चेत एक मुलगी 'भेटवस्तू' म्हणत होती. गटातल्या मुलाने विचारलं, "भेट असेल तर याद्या कशाला करतात?" शेवटी तिने लिहिलं, "हुंडाबंदीचा कायदा १९६१चा, हे मला पाठ होतं. तरी शब्द मी घरातलाच वापरत होते." कायदा पाठ असण्याला परीक्षेत गुण मिळतात. स्वतःचा शब्द असा पकडण्यालाही मिळाले पाहिजेत.

तेव्हा दोन मागण्या आपण लावून धरू या. कॉलेजातली संगणक-खोली मुलींना संध्याकाळपर्यंत खुली हवी. आणि गटकामाचे गुण देताना विचार कसा झाला, तेही पाहिलं जावं. नाहीतर ऑनलाइन वर्गातही टाइप करणारी तीच आणि बोलणारा तोच राहील.