बाईंची वही आणि माझा कॅमेरा

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू ग्रुपवर रोज सकाळी फुलाचा फोटो टाकतेस, त्यावरच दहा मिनिटं बोल." त्या फोटोंवर तुम्ही जे अंगठे दाखवता, ते फोटो बघून की न बघता, हे आज विचारत नाही. माझा हात चित्रकलेत कसा होता, ते सरांना ठाऊक आहे. मी काढलेला जास्वंदीचा उभा छेद मोडक्या छत्रीसारखा दिसायचा. त्यामुळे साठीच्या उंबरठ्यावर कॅमेरा हाती आला, तेव्हा घरच्यांनाही हसू आलं होतं.

माझं वर्ष आता पळसापासून सुरू होतं. फाल्गुनात पानं गळालेली असतात, फांदीवर फक्त फुलं. दिसायला सोपा, टिपायला महाकठीण. ऐन उन्हात फोटो काढला की पळस नुसता केशरी डाग दिसतो, पाकळीवरची मखमली लव गायब. माझी पहिली दोन वर्षं अशीच डाग काढण्यात गेली. मग उमगलं, की हा भडक रंग कॅमेऱ्याला पेलत नाही. उजेड जरा कमी घ्यायचा आणि ऊन चढायच्या आत पोचायचं. तुम्ही कितीही लवकर जा, मैना आणि बुलबुल मधासाठी आधीच हजर असतात.

त्यानंतर बहावा, मग ताम्हण. ताम्हण हे आपलं राज्यफूल. मी ज्या बँकेत नोकरी केली, तिच्या शेवटच्या शाखेच्या दारातच ताम्हणाचं झाड होतं. अकरा वर्षं मी त्याच्या सावलीत स्कूटर लावली. ते जांभळं फुलतं, हे निवृत्त झाल्यावर पेन्शनच्या कागदांसाठी गेले तेव्हा पाहिलं!

पावसाळ्यात घरोघरी ब्रह्मकमळ फुलतं. रात्री नऊला उमलायला लागतं, सकाळी मान टाकतं. आमच्या गल्लीत अजून शेजाऱ्यांना हाका मारून बोलावतात, कोणी उदबत्ती लावतं. खरं तर ते अमेरिकेकडून आलेलं निवडुंगाच्या कुळातलं झाड, हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळंच. पण रात्री अकराला कॉफी पीत फुलाभोवती बसलेल्या बायकांना हे सांगायला मी जात नाही. हिवाळ्याबद्दल थोडक्यात सांगते: शेवंती आणि कुंपणावरची पावट्याची फुलं. तेव्हा मी जरा आळसावलेली असते.

खरी धांदल श्रावण-भाद्रपदात, कास पठारावर. आपल्या वेळी सहल म्हणजे डबा, अंताक्षरी आणि परतताना ओंजळभर उपटलेला तेरडा. आठवतंय ना? २०१२ मध्ये युनेस्कोनं कासला पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात घेतलं. आता मोसमात आधी नोंदणी करावी लागते आणि फूल तोडलं तर दंड होतो, तो योग्यच आहे. वर नुसता जांभा खडक, त्यावर बोटभर माती. तेवढ्या मातीत साडेआठशेवर जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद झाली आहे. सीतेची आसवं ही निळी-जांभळी फुलं लांबून नाजूक दिसतात. पण त्यांच्या मुळाशी बारीक फुगे असतात, त्यात ती सूक्ष्म जीव पकडून खातात. फूल नखाएवढं, त्यामुळे फोटोसाठी पोटावर झोपावं लागतं. मऊ उजेडासाठी ढग हवेत, पण पाऊस नको. आणि वारा पडायला हवा. कासचा वारा माहीत आहे ना? कधी एका फोटोला पाऊण तास जातो. त्या पाऊण तासात गुडघे, मुलांची लग्नं, गॅस बंद केला की नाही, काही म्हणता काही आठवत नाही.

आता जे सांगायचं आहे, ते लिहून आणलंय. नाहीतर बोलता येणार नाही.

बाई, तुमच्याकडे एक जाड वही होती. दाबून वाळवलेली फुलं, प्रत्येकाखाली नाव, गाव, तारीख. नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी ती मागून नेली होती. कराडहून येताना ती माझ्याकडून एसटीत राहिली. तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हटलं, "शिपाईमामांकडे दिली." मामांना सगळ्यांसमोर बोलणी बसली. ते माझ्याकडे नुसतं बघून गेले. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. आज मामा नाहीत. त्यांच्या मुलाकडे मी मागच्या महिन्यात जाऊन आले. तुमच्याकडे यायला मात्र आजचा दिवस लागला. बाई, वही मी हरवली होती.

आई गेल्यावर सहा वर्षांपूर्वी माळा आवरताना माझी रफ वही सापडली. त्यात मी तुमच्या वहीतल्या चाळीस नोंदी उतरवल्या होत्या, तारखांसह. तेव्हापासून ती यादी घेऊन फिरते आहे. सदतीस फोटो झाले. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, तिच्यासाठी थांबावं लागलं, पण मिळाली. काही फुलं तुमच्या तारखेला भेटली, काही पंधरा-पंधरा दिवस चुकली. एका झाडावरून अनुमान काढायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत, म्हणून काढत नाही.

चाळिसाव्या नोंदीपुढे तुम्ही नाव लिहिलं नव्हतं. "कासजवळ, डबक्यात. एका देठाला दोन तुरे. नाव?" एवढंच. मी ते फूल तीन पावसाळे शोधलं. गेल्या ऑगस्टमध्ये गुडघाभर भिजून सापडलं, फिकट जांभळट, इंग्रजी 'वाय' अक्षरासारखं दुभंगलेलं. उन्हाळ्यात डबकं आटतं तेव्हा त्याचा कंद खाली जिवंत राहतो. त्याला वायतुरा म्हणतात. तुम्ही नोंद केलीत त्या सुमारासच शास्त्रज्ञांनी त्याचं नामकरण केलं. शास्त्रीय नावात आपलं गावच आहे: अपोनोजेटॉन सातारेन्सिस.

सगळे फोटो वर नववी 'ब'च्या वर्गात टाचणीनं लावले आहेत. तीन जागा रिकाम्या आहेत. वायतुऱ्याखाली नाव लिहिलेलं नाही, बाई, शाईचं पेन फळ्याखाली ठेवलंय. जिन्यावरचा दिवा गेलाय, तेव्हा कोणीतरी बाईंना हात द्या. आणि चहा खालीच प्या, वर नेऊ नका.