बारा मेची दुपार आणि अंगणातली काठी

(प्रभागसंघाच्या एप्रिल महिन्याच्या बैठकीत जिल्हा परिषद शाळेतील एका शिक्षिकेने केलेले हे भाषण. बैठकीतल्या ताईंनी मागणी केल्यावरून येथे देत आहोत.)



आजच्या बैठकीत कर्जाचे हप्ते आणि उन्हाळी वाळवणाची विक्री हे मोठे विषय आहेत, त्यामुळे मी फार वेळ घेणार नाही. पण मला तुमच्याकडून एक काम करून घ्यायचंय. ते शाळेत होऊ शकत नाही, म्हणून इथे आले.

आधी माझी चूक सांगते. मी बरीच वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते. दिवस-रात्र कशी होते हे मी पोरांना नीट सांगायचे. ऋतूंचं मात्र सांगायचे की पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा आणि लांब गेली की हिवाळा. मलाही लहानपणी कुणीतरी असंच सांगितलेलं. पटतंही ते. चुलीपाशी बसलं की चटका लागतो, मागं सरकलं की गार वाटतं.

दोन वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या टोळीबरोबर बीडच्या बाजूची एक मुलगी आमच्या वर्गात बसायला लागली. डिसेंबर महिना होता. एक दिवस ती म्हणाली, "बाई, काल मोबाईलवर ऑस्ट्रेलियातली मॅच बघितली. तिथली माणसं टोप्या घालून घामाघूम झाली होती. आपण तर शेकोटी करतोय. पृथ्वी लांब गेली असंल, तर त्यांच्यासाठी बी लांबच गेली ना?"

मला उत्तर आलं नाही. "उद्या सांगते," म्हणाले.

रात्री घरी पुस्तकं काढली, तेव्हा कळलं ते उलटंच. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. आणि सगळ्यात लांब असते जुलैच्या पहिल्या आठवड्यात, साधारण १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. म्हणजे आपण स्वेटर घालतो तेव्हाच सूर्य जवळ असतो! दुसऱ्या दिवशी वर्गात सांगून टाकलं, "बाईंनी चुकीचं शिकवलं होतं." पोरं हसली. ती मुलगी हसली नाही. ती म्हणाली, "मग खरं काय?"

ताईंनो, खरं काय ते सांगायला मला फळा पुरला नाही. अंगणात यावं लागलं.

दिवस-रात्रीपासून सुरू करू. हे घरी करून दाखवा. एक लिंबू घ्या, त्यात आरपार दाभण घाला. खोलीत अंधार करा आणि मोबाईलची बॅटरी लिंबावर धरा. अर्धं लिंबू उजेडात, अर्धं अंधारात. लिंबावर पेनानं एक टिंब काढा, ते आपलं गाव. आता दाभण हळूहळू फिरवा. टिंब उजेडात आलं की सकाळ झाली, पलीकडे गेलं की रात्र. बॅटरी जागची हललेली नाही, हे पोरांना मुद्दाम विचारून घ्या. सूर्य उगवला, मावळला असं आपण म्हणतो, पण फिरत असतो तो आपण. आपल्या भागात जमीन ताशी जवळपास १,५९० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे पळत असते. सगळंच बरोबर पळतंय, म्हणून डोक्यावरची कळशी हिंदकळत नाही.

याचा पुरावा आपल्या दोन तालुक्यांतच आहे. इंदापूर बारामतीच्या पूर्वेला. त्यामुळे इंदापूरच्या डोक्यावर सूर्य आपल्यापेक्षा पावणेदोन-दोन मिनिटं आधी येतो. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण खरी मध्यान्ह इंदापुरात आधी होते. आणि बारामतीत सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा वाजलेले नसतात, साधारण साडेबारा झालेले असतात. कारण देशाचं घड्याळ आपल्या बऱ्याच पूर्वेला, उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर लावलेलं आहे.

आता ऋतू. आम्ही शाळेच्या मैदानात एक काठी रोवली. जमिनीच्या वर बरोबर एक मीटर, ओळंबा लावून सरळ. दुपारी सव्वाबारा ते पाऊण या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा आणि सगळ्यात आखूड सावली मोजून वहीत लिहायची. वही त्या मुलीकडे दिली. आपल्या गटाचं रजिस्टर असतं ना, तशीच तिनं ती ठेवली. तारीख, सावली, सही.

२२ डिसेंबरला सावली ८९ सेंटीमीटर. संक्रांतीला ८२. १५ फेब्रुवारीला ६०. १० मार्चला ४१. जानेवारीपासून पृथ्वी सूर्यापासून लांब लांब चाललेली, आणि सावली मात्र आखूड होत चाललेली, ऊन तापत चाललेलं. म्हणजे जवळ-लांबचा हिशेब खोटा. खरा हिशेब सूर्य किती वर येतो त्याचा.

संक्रांतीबद्दलही पोरांनी विचारलं. दिवस तिळातिळानं वाढतो तो संक्रांतीपासून, असं आपण म्हणतो. वहीत तर सावली २२ डिसेंबरनंतरच आखूड व्हायला लागली. दोन्हींत भांडण नाही. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा फार सावकाश डुलतो. कित्येक शतकांपूर्वी या दोन तारखा एकाच ठिकाणी होत्या, आता तीन आठवड्यांचं अंतर पडलंय. तीळगूळ द्यायचाच, वहीतही खरं ते लिहायचं.

सूर्य कमी-जास्त वर का येतो? पुन्हा ते लिंबू घ्या. मध्ये दिवा ठेवा. दाभण सरळ उभं न धरता थोडं कलतं धरा. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. आता लिंबू घेऊन दिव्याभोवती एक फेरी मारा, पण दाभणाचं वरचं टोक सगळ्या फेरीत एकाच भिंतीकडे राहू द्या. इथेच सगळ्यांची चूक होते. दाभण आपल्याबरोबर वळवायचं नाही. एका बाजूला आलं की लिंबाची वरची बाजू दिव्याकडे झुकलेली दिसेल, समोरच्या बाजूला गेलं की खालची. वरची बाजू झुकते तेव्हा आपला उन्हाळा, खालची झुकते तेव्हा ऑस्ट्रेलियाचा. मॅचचं कोडं सुटलं.

झुकल्यानं ऊन का वाढतं, हे तुम्हाला शेतावरून सांगते. एक घागर पाणी एका वाफ्याला दिलं तर वाफा भिजतो. तेच पाणी दोन वाफ्यांना पसरलं तर नुसता ओलावा. उन्हाचंही तसंच. सूर्य माथ्यावर असला की त्याचं ऊन थोड्या जागेवर पडतं. तिरपा असला की तेवढंच ऊन जास्त जागेवर पसरतं. म्हणून मे महिन्यात कुरडई, पापड पटापट वाळतात आणि डिसेंबरात तेच वाळवण रेंगाळतं. शिवाय दिवसाची लांबी. आपल्याकडे २१ जूनचा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, तर २२ डिसेंबरचा जेमतेम अकरा तासांचा. कोंबड्या पाळणाऱ्या ताईंना हे माहीत असेल, हिवाळ्यात अंडी कमी होतात. त्याचं एक मोठं कारण आखूड दिवस, म्हणून पोल्ट्रीत दिवे लावून उजेड वाढवतात. उसाला तुरा येतो तोही दिवस लहान होत गेल्यावर. आणि इंदापूर तालुक्यात उजनीच्या पाण्यावर, भिगवण-कुंभारगावच्या बाजूला हिवाळ्यात परदेशी पक्षी उतरतात. त्यातले पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात. तिकडं दिवस लहान होतात, तळी गोठतात, म्हणून ते इकडं येतात.

कुणी विचारेल, जूनमध्ये दिवस सगळ्यात मोठा, मग जास्त गरमी मे महिन्यात का? कारण तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरून ओले वारे येतात आणि जूनमध्ये ढग ऊन अडवतात. आपल्या वाट्याला पाऊस कमी, सह्याद्री ओलांडताना ढग बरेचसे रिकामे होतात. पण सावली त्यांचीही पडतेच. पुस्तकातल्या चित्रात चार ऋतू असतात, पानगळ असते, बर्फ असतं. आपल्या पोरांना आपला उन्हाळा, पावसाळा, हिवाळा दाखवून शिकवा. सूर्य ७-८ जूनला मृग नक्षत्रात जातो, हे तुमच्या सासूबाईंनाही माहीत आहे. पृथ्वी फेरी मारते म्हणून सूर्य दर तेरा-चौदा दिवसांनी नव्या नक्षत्रात दिसतो. म्हणजे हा धडा तुमच्या घरात आधीपासून आहे.

आता माझं काम. त्या मुलीच्या वहीतली शेवटची नोंद मार्चमधली आहे. गाळप संपलं, टोळी गावी गेली, ती गेली. सावली शून्यावर आलेली तिनं पाहिली नाही. ती आमच्याकडे येते १२ मेच्या आसपास. त्या दिवशी दुपारी साडेबाराला दोन-तीन मिनिटं अलीकडे-पलीकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. याला शून्य सावली दिवस म्हणतात. वर्षातून दोनदा होतो, दुसऱ्यांदा जुलैच्या अखेरीस. पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. आणि मे महिन्यात शाळेला सुट्टी असते. म्हणजे शाळेला हा दिवस कधीच नीट सापडत नाही. तो पोरांना दाखवायचा असेल तर तुम्हीच दाखवायचा.

मी त्या मुलीच्या आईला फोन केला होता. म्हटलं, तुमचं गाव बारामतीच्या उत्तरेला, तिथं सावली १५ मेच्या सुमाराला जाईल. काठी रोवा. पंधराला दुपारी पोरीचा फोन आला. "बाई, गेली!" एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "पण तुमच्याकडं तीन दिवस आधी गेली, म्हणजे सूर्य वरच्या अंगाला सरकत येतोय." चौथीतल्या पोरीनं हे स्वतः शोधलं. नागपूरला हा दिवस २६ मेच्या सुमाराला येतो आणि दिल्लीला कधीच येत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडे आहे.

म्हणून सांगते. प्रत्येक गटानं ११, १२ आणि १३ मेला एका अंगणात काठी रोवावी. काठी नसेल तर सपाट फरशीवर पाण्याचा पाइपाचा तुकडा उभा करा. तळाला सावली दिसली नाही की झालं. सूर्याकडे कुणीही बघायचं नाही, गॉगल लावूनसुद्धा नाही. आपलं बघणं फक्त जमिनीवर. पोरांना टोपी घाला, पाणी पाजा. आणि काठी लगेच काढू नका. १२ मेनंतर दुपारची सावली दक्षिणेकडे पडायला लागेल. २१ जूनला ढग नसले तर ती नऊ सेंटीमीटर दक्षिणेला दिसेल. कशामुळे, ते आधी पोरांना विचारा.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, बाई, मी सातवीपर्यंतच शिकले, मी काय सांगणार. तुम्ही गटाचा हिशेब कुणाच्या तोंडी सांगण्यावर मान्य करता का? पासबुक बघता, रजिस्टर बघता, मग सही करता. पोरांना एवढंच शिकवायचंय. बाईंनी सांगितलं म्हणून मानायचं नाही, वहीत बघायचं. माझी चूक एका पोरीनं अशीच पकडली.

तुमच्या शेताच्या कडेला ऊसतोडीची खोपी असतील, तर पुढच्या हंगामात तिथल्या पोरांनाही काठीपाशी बोलवा. टोळ्या दिवाळीच्या आसपास येतात. त्यांनी नोंदी सुरू कराव्यात आणि मेमध्ये आपापल्या गावातून फोन करून शेवटची नोंद द्यावी. वही आपण इथं पूर्ण करू.

जूनच्या बैठकीत हप्त्यांच्या रजिस्टरबरोबर सावलीची वही पण आणा. मी बघायला येईन.