परक्याची ठेव, आपल्या घरचे संगोपन

(रुग्णालयाच्या वार्षिक स्वयंसेवक मेळाव्यात प्रशासन विभागाच्या वतीने अमरावती येथे केलेले भाषण)



वार्षिक मेळाव्यात प्रशासनाने खाटा, रुग्णसंख्या, देणग्या आणि जमाखर्च यांचा आढावा घ्यावा, अशी अपेक्षा असते. तो आढावा या अहवालात अन्यत्र दिलेला आहे. आज आम्ही एका वेगळ्या सेवेविषयी बोलणार आहोत. अंध, कर्णबधिर किंवा चाकाच्या खुर्चीवर अवलंबून असलेल्या व्यक्तीला साहाय्य करणाऱ्या श्वानाचे आपल्या घरी संगोपन करणे, ही ती सेवा होय. रुग्णालय आणि कुत्रा हे दोन शब्द एकत्र आले की डोळ्यांपुढे येते ती रेबीजच्या लशीसाठी लागलेली रांग. ही भीती खरी आहे. तिला बाजूस न सारता, तिच्यासहच आपण या विषयाचा विचार करू.

पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीतील ओल्डनबुर्ग येथे १९१६ साली मार्गदर्शक श्वानांची पहिली प्रशिक्षण शाळा निघाली. अमेरिकेत डोरोथी युस्टिस यांनी १९२९ साली ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन केली. पुढे कर्णबधिरांना दारावरची घंटा वा तान्ह्याचे रडणे कळविणारे, आणि चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीला पडलेली वस्तू उचलून देणारे, दिव्याचे बटण दाबणारे श्वानही तयार होऊ लागले.

हे श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार होतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. केंद्रातील शिक्षण काही महिन्यांचे असते. त्यापूर्वीचे साधारण एक वर्ष ते पिल्लू एखाद्या सामान्य कुटुंबात वाढते. ‘द सीइंग आय’ने न्यू जर्सीतील शेतकरी मुलामुलींच्या ‘फोर-एच’ मंडळांतील कुटुंबांकडे १९४२ पासून पिल्ले सोपविण्यास आरंभ केला. इंग्लंडमध्ये अशी योजना १९५६ पासून सुरू झाली. पिल्लू सात-आठ आठवड्यांचे झाले की घरी येते. त्या कोवळ्या वयात जे दिसते, ऐकू येते, त्याची भीती पुढे उरत नाही. म्हणूनच कुकरची शिट्टी, मुलांचा दंगा, दारावरचा भाजीवाला, बसचा भोंगा, लग्नाची वरात हे सारे त्याने घरातल्या माणसांच्या सोबतीने अनुभवावे लागते. पिंजऱ्यात वाढलेल्या कुत्र्याला हे शिक्षण मिळत नाही.

कुटुंबाने शिकवायच्या गोष्टीही साध्याच आहेत. शौचाची वेळ आणि जागा पाळणे, पाहुण्याच्या अंगावर न उडणे, ताटाजवळ तोंड न नेणे, सांगितल्यावर बसणे, बोलावल्यावर येणे आणि एकटे असताना शांत राहणे. रस्त्याची शिस्त पुढे प्रशिक्षक शिकवितात. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा श्वान सिग्नलचे रंग ओळखून रस्ता ओलांडत नाही. केव्हा ओलांडायचे, हे अंध व्यक्तीच रहदारीचा आवाज ऐकून ठरविते. मात्र तिने आज्ञा दिली आणि समोरून वाहन आले, तर श्वान जागचा हलत नाही. धन्याची आज्ञा धन्याच्याच हितासाठी मोडण्याचे हे शहाणपण त्याला शिकविले जाते.

या सेवेतील सर्वांत कठीण दिवस मात्र शेवटचा असतो. वर्ष-सव्वा वर्ष ज्याच्यासाठी पहाटे उठलो, ज्याच्या आजारपणात जागलो, ते जनावर एके दिवशी परत द्यायचे असते. लेक सासरी पाठविणाऱ्या आपल्या समाजाला ही कळ समजावून सांगण्याची गरज नाही.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आयुष्य खातेवह्यांत गेले. म्हणून आम्हाला यात एक ओळखीचा शब्द दिसतो, तो म्हणजे ‘विश्वस्त’. न्यासाची मालमत्ता विश्वस्ताच्या मालकीची नसते. ती त्याने जपायची, वाढवायची आणि ज्यांच्यासाठी न्यास आहे त्यांच्या उपयोगी आणायची. पिल्लू वाढविणारे कुटुंब हे असेच विश्वस्त असते. परदेशांतील अनेक संस्थांत अन्नाचा व औषधोपचाराचा खर्च संस्था उचलते. कुटुंब देते ते स्वतःचे वर्ष. सगळीच पिल्ले अंतिम परीक्षेत उतरत नाहीत. कोणाला मोठ्या आवाजाची भीती राहते, कोणाचे सांधे अधू निघतात. अशा वेळी वाढविणाऱ्या कुटुंबाला ते दत्तक घेण्याची पहिली संधी बहुधा दिली जाते. त्या कुटुंबाचे श्रम वाया गेले, असे आमच्या हिशेबी ठरत नाही.

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. अमरावतीचा राजकमल चौक किंवा अकोल्याचा टिळक रोड डोळ्यांपुढे आणा. पदपथ सलग नाहीत. जेथे आहेत, तेथे दुकानाची पाटी, हातगाडी किंवा दुचाकी उभी असते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो. तापलेल्या डांबरावर आपण तळहात टेकवू शकत नाही, तेथे कुत्र्याचे पंजे कसे टिकावेत? कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकूनच शरीर थंड करतो. त्यात मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या पट्ट्यातील कुत्र्यावर धावून जातात. मार्गदर्शक श्वान वापरणाऱ्या व्यक्तीला आधी पांढऱ्या काठीने एकट्याने वावरण्याचा सराव असावा लागतो, हेही विसरून चालणार नाही. त्यामुळे उद्याच आपल्या शहरांत मार्गदर्शक श्वान फिरू लागतील, असे आश्वासन आम्ही देणार नाही.

तथापि या अडचणींची यादी नीट वाचली तर ध्यानात येते की मोकळा पदपथ, लसीकरण झालेली कुत्री आणि काठीच्या वापराचे प्रशिक्षण ही कामे श्वान येवो न येवो, करावयाचीच आहेत. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यानेही सार्वजनिक ठिकाणे सुगम करण्याचे बंधन घातले आहे. आज आपल्याकडील अंध तरुणाला बाजारात जायचे तर कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवावा लागतो, आणि त्या कोणाला तरी सवड असावी लागते. तो सवड मिळेपर्यंत उंबरठ्याच्या आत बसून राहतो. हा प्रश्न केवळ सोयीचा नाही, तर माणसाच्या प्रतिष्ठेचा आहे.

याच सेवेचा एक जवळचा प्रकार आपल्याला आजही शक्य आहे. तो म्हणजे रुग्णांना व विशेष मुलांना भेटीस जाणारा घरचा श्वान. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बोरिस लेविन्सन यांनी १९६० च्या दशकात मुलांच्या उपचारांत कुत्र्याच्या सहभागाविषयी लिहिले, तेव्हापासून या पद्धतीचा अभ्यास होत आला आहे. महाराष्ट्रात मीनल कविश्वर यांच्या अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशनने हे कार्य रुजविले. न बोलणारे मूल कुत्र्याला हाक मारू पाहते. हाताचा व्यायाम टाळणारे आजोबा त्याच्या पाठीवर ब्रश फिरवितात. अशा श्वानाला जातिवंत असण्याचे बंधन नाही. स्वभाव शांत हवा, आरोग्य उत्तम हवे आणि सोबत त्याचा माणूस हवा.

येथे रुग्णालय म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह, भाजलेल्यांचा कक्ष आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांचा कक्ष येथे प्राण्याला प्रवेश असू शकत नाही. ज्यांना भीती वा अ‍ॅलर्जी आहे, त्यांच्याजवळ तो नेला जाणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये रुग्णालये, शाळा आणि बसस्थानकांच्या आवारांतून मोकाट कुत्री हटविण्याचे निर्देश दिले. त्या निर्देशांचे पालन आणि ही सेवा यांत विरोध नाही. एका बाजूस कोणाचीच जबाबदारी नसलेला कुत्रा आहे, दुसऱ्या बाजूस संपूर्ण जबाबदारी घेतलेला. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना-मिरची लावू नये आणि त्याच दिवशी लस घ्यावी, हे आम्ही येथे पुन्हा सांगतो.

आमची विनंती तीन प्रकारची आहे. ज्यांच्या घरी शांत स्वभावाचा प्रौढ कुत्रा आहे, त्यांनी त्याचे लसीकरण पूर्ण करून, पशुवैद्यकाकडून तपासणी करवून, आमच्या समाजसेवा विभागाकडे नाव नोंदवावे. अकोल्यात पदव्युत्तर पशुवैद्यकीय शिक्षण देणारी संस्था आहे. तिचे मार्गदर्शन मागण्याचा आमचा मनोदय आहे. दुसरे, उद्या एखाद्या प्रशिक्षण संस्थेने पिल्लू सोपविण्याची तयारी दाखविली, तर वर्षभर त्याचे विश्वस्त होऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांनी तसे कळवावे. घरातील सर्वांची संमती घ्यावी. विशेषतः ज्या गृहिणीवर अखेरीस काम पडते तिची. तिसरे, ज्यांना कुत्रा पाळणे शक्य नाही, त्यांनी आपल्या दुकानापुढील पदपथ मोकळा ठेवावा आणि कामावर असलेल्या श्वानाला कधीही हात लावू नये, खाऊ घालू नये, हे मुलांना शिकवावे.

कारंज्याला दत्तदर्शनास जाणारे आपण लोक. दत्तमूर्तीच्या पायाशी चार श्वान आपण लहानपणापासून पाहिले आहेत. कुत्र्याने पळविलेली भाकरी कोरडी जाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराजही आपलेच. त्या श्रद्धेला आता वेळापत्रक, लसीची नोंदवही आणि नियमावली यांची जोड द्यावयाची आहे. विश्वस्त मंडळाने या उपक्रमास अनुमती द्यावी आणि आपण सर्वांनी त्यास घर द्यावे, अशी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.