कावीळ उतरते कशाने?

(नंदुरबार जिल्ह्यातील युवक-युवतींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिला होता 'घरगुती उपचार : समज आणि गैरसमज'. एवढ्या विषयावर अर्ध्या तासात बोलायचं तर हळदीपासून हिजामापर्यंत सगळ्याला नुसता हात लावून पुढे जावं लागेल. त्यापेक्षा मी एकच आजार घेतो. कावीळ. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. रक्त काढणं आणि बिलिरुबिन मोजणं हे माझं रोजचं काम. आपल्या जिल्ह्यात पावसाळा सुरू झाला की कावीळीचे रुग्ण वाढतात, आणि माझ्यासमोर हात पुढे करून बसणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या गळ्यात आधीच माळ असते. काहींच्या दंडाला तावीजही असतो. पेशंट भिल्ल असो, पावरा असो, मराठा असो की आपला, माळ तीच. या बाबतीत आपल्या जिल्ह्यात पूर्ण राष्ट्रीय एकात्मता आहे.

आधी माळेबद्दल. एका झाडाच्या खोडाचे छोटे तुकडे करून दोऱ्यात बांधतात. ती माळ सुरुवातीला डोक्यावर टोपीसारखी बसते. दोन दिवसांनी गळ्यात येते, आठ-दहा दिवसांत पोटापर्यंत. माळ लांबली म्हणजे कावीळ उतरली, असं सांगतात. माळ खरंच लांबते, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण ती लांबते कारण तुकडे ओले असतात, ते वाळतात आणि आकसतात, आणि दोऱ्याच्या गाठी सैल पडून सरकतात. ज्याला खात्री करायची असेल त्याने तीच माळ घरी भिंतीच्या खिळ्याला अडकवून ठेवावी. खिळ्याला कावीळ नसते, माळ तरी लांबते.

दुसरा प्रकार हात धुण्याचा. भगत किंवा बाबा रुग्णाच्या हातांना काहीतरी चोळतो, मग चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो आणि पाणी पिवळं होतं. बघणारे म्हणतात, निघाली कावीळ. चोळलेली वस्तू असते आंब्याच्या सालीचा रस. तो आणि चुना एकत्र आले की पिवळा रंग येतो, हात कोणाचेही असोत.

तिसरा प्रकार मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. कडू दोडक्याच्या जातीचं एक फळ असतं. त्याच्या पाण्याचे थेंब नाकात टाकतात आणि मग तासन्‌तास नाकातून पिवळं पाणी वाहतं. ती कावीळ नसते. नाकाच्या आतलं नाजूक अस्तर जळजळून सुजलेलं असतं, त्याचं ते पाणी. लहान मुलांच्या नाकात हे टाकलेलं मी पाहिलंय.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं खोटं असेल तर लोक बरे कसे होतात? माझी नानीही हेच विचारायची आणि प्रश्न अगदी रास्त आहे. कारण लोक खरंच बरे होतात.

आपल्याकडच्या पावसाळी कावीळीचं कारण बहुतेक वेळा हेपटायटिस ए किंवा ई हे विषाणू असतात. मैला मिसळलेल्या पाण्यातून ते पोटात जातात आणि यकृताला सूज आणतात. निरोगी माणसाचं शरीर या विषाणूंना काही आठवड्यांत स्वतःच हरवतं. त्यावर नेमकं औषध डॉक्टरकडेही नाही. तोही विश्रांती घ्या, साधं जेवा, दारू आणि मनाने घेतलेल्या गोळ्या टाळा, एवढंच सांगतो. म्हणजे 'कावीळीला डॉक्टरकडे औषध नाही' हे लोकांचं म्हणणं अर्ध्याहून जास्त खरं आहे.

शिवाय माणूस माळ घालायला कधी जातो? ताप आणि मळमळ असते तेव्हा नाही. डोळे पिवळेजर्द झाले, लघवी गडद झाली, की जातो. तोवर आजार शिखराजवळ आलेला असतो. तिथून तो बहुधा उतरणारच असतो. माळ गळ्यातून पोटाकडे सरकते त्याच दिवसांत बिलिरुबिन दहावरून चारवर येतं, चारवरून दोनवर. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं वाटतं. माझ्याकडे माळ न घातलेल्या रुग्णांचेही रिपोर्ट असतात. त्यांचंही तसंच उतरतं.

माळ न घातलेल्यांकडेही बघायचं, ही युक्ती इंग्रजांनी शिकवलेली नाही बरं का. अबू बक्र अल-राझी हा नवव्या-दहाव्या शतकातला इराणी हकीम. देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत हे त्याने स्पष्ट लिहून ठेवलं. मेंदूच्या सुजेची लक्षणं दिसणाऱ्या काही रुग्णांचं त्याने रक्त काढलं आणि काहींचं मुद्दाम काढलं नाही. फरक कळावा, एवढ्यासाठीच. त्याचा निष्कर्ष रक्त काढण्याच्या बाजूने निघाला, आणि तो आज कोणी मानत नाही. रुग्ण थोडे असले की असं होतं. पण ज्यांना उपचार दिला नाही त्यांचं काय झालं, हा प्रश्न त्याने हजार वर्षांपूर्वी विचारला. व्हॉट्सॲपवर 'कलौंजीने सगळे आजार बरे' असा मेसेज आला की आपण तो विचारत नाही. मेसेजवर हदीसचं नाव असेल तर अजिबातच नाही.

इथे काहींना अवघडल्यासारखं होतं, मला माहीत आहे. म्हणून दोन गोष्टी सांगतो. सहीह मुस्लिममध्ये खजुराच्या झाडांचा प्रसंग आहे. मदिनेचे शेतकरी नर फुलोरा मादी फुलोऱ्यावर लावायचे. पैगंबरांनी त्याबद्दल आपलं मत सांगितलं, लोकांनी ते काम सोडलं आणि पीक कमी आलं. त्यावर त्यांनी सांगितलं की तुमच्या दुनियेच्या कामातलं तुम्हाला जास्त कळतं. आणि इब्न खल्दून, ज्याने 1377 साली 'मुकद्दिमा' लिहिला, तो म्हणतो की रिवायतींमध्ये येणारी औषधं ही त्या काळच्या अरबांच्या चालीरीतीतली आहेत, पैगंबर शरीयत शिकवायला आले होते, वैद्यकी शिकवायला नाही. हे कुठल्या आजच्या सुधारकाचं मत नाही, साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या मालिकी काझीचं आहे. कलौंजी जरूर खा, भाकरीवर छान लागते. पण तिच्या भरवशावर कोणाचं इन्सुलिन बंद करू नका.

तर बहुतेक कावीळ आपोआप बरी होते. मग माळ घातली तर बिघडलं कुठे? बिघडतं ते उरलेल्या थोड्यांचं, आणि ते थोडे कोण हे डोळ्यांच्या पिवळेपणावरून कळत नाही.

गर्भवती बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हेपटायटिस ई झाला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे शंभरातल्या वीस ते पंचवीस जणी दगावू शकतात. तोच विषाणू, तेच पाणी. नवऱ्याला पंधरा दिवस अशक्तपणा येतो आणि बायकोचा जीव जातो. आठवा महिना लागलेली एक मुलगी आमच्याकडे आणली होती. डोळे पिवळे होऊन नऊ दिवस झालेले, गळ्यात दोन माळा, एक सासरची, एक माहेरची. यकृत किती काम करतंय हे कळायला रक्त गोठायला लागणारा वेळ मोजतात. तो मोजून मी सरळ फोन उचलला. तिला रात्रीच मोठ्या दवाखान्यात हलवलं. ती वाचली नाही, बाळही नाही. माळेने तिला मारलं असं मी म्हणणार नाही, पहिल्या दिवशी आणली असती तरी वाचली असती अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. पण ते नऊ दिवस तिला मिळायला हवे होते. घरात गर्भवती असेल आणि डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी निघा. 102 किंवा 108 ला फोन करा.

दुसरा गट आपल्या जिल्ह्याचा खास. सिकलसेल. यात रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात आणि लवकर फुटतात. साधी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही दहा-वीस दिवस. फुटलेल्या पेशींतून बिलिरुबिन तयार होतं, म्हणून या मुलांचे डोळे कायम थोडे पिवळट असतात. अशा मुलाला दर वर्षी माळ घालतात, दर वर्षी 'कावीळ परत आली' म्हणतात. सांधे दुखले की बाहेरचं काही लागलं म्हणतात. त्या मुलाला हवी असते रक्ताची एक तपासणी. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. निदान झालं तर हायड्रॉक्सियुरियासारखं औषध आहे, ज्याने दुखण्याचे झटके कमी होतात. 1 जुलै 2023 ला देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, ती आपल्यासारख्या जिल्ह्यांसाठीच.

'तो आदिवासींचा आजार, आपल्याला काय?' असं आपल्या मोहल्ल्यात मला ऐकवतात. आदिवासींमध्ये त्याचं प्रमाण जास्त आहे हे खरं. पण आई-वडिलांकडून येणारे रक्ताचे आजार जात विचारून येत नाहीत. थॅलेसेमिया आपल्यातही आहे. आणि आपल्याकडे मामे-चुलत भावंडांत लग्नं होतात, तिथे दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. निकाहच्या आधी तपासणी करा म्हटलं की मुलीकडचे घाबरतात, नातं तुटेल म्हणून. मग तपासणी दोन्हीकडची व्हावी, आणि आधी मुलाने हात पुढे करावा.

तिसरी कावीळ रक्तातून पसरणारी, हेपटायटिस बी. ती वर्षानुवर्षं काहीही त्रास न देता राहू शकते आणि शेवटी यकृत निकामी करू शकते. एकाच वस्तऱ्याने केलेली दाढी आणि खतना, एकाच ब्लेडने केलेला हिजामा, यांतून ती जाऊ शकते. हिजामाच्या शिबिरात तुम्ही स्वयंसेवक असाल तर पहिल्यांदा ब्लेडचं पाकीट समोर फोडायला सांगा आणि कप कसे धुतात ते बघा. यावर लस आहे. सरकारी दवाखान्यात ती बाळाला जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत देतात. लस टोचू न देणारी एखादी दादी असेल तर तिची समजूत घालणं तुमचं काम.

दादीवरून आठवलं. तिचं सगळंच चूक नसतं. नवजात बाळ पिवळं पडलं तर त्याला कोवळ्या उन्हात धरा, असं जुन्या बायका सांगतात. यात तथ्य आहे. 1956 च्या सुमारास इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या दवाखान्यात जीन वॉर्ड नावाची परिचारिका बाळांना अंगणात उन्हात नेत असे. एका पिवळ्या बाळाच्या अंगावर जिथे ऊन पडलं तिथला पिवळेपणा कमी झाला, हे तिने डॉक्टरांना दाखवलं. त्यातूनच आजची निळ्या प्रकाशाची पेटी आली. उजेडाने त्वचेखालचं बिलिरुबिन बदलतं आणि शरीराबाहेर पडू शकतं. फक्त, बाळ पहिल्या चोवीस तासांतच पिवळं झालं, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत गेला, किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर उन्हाची वाट बघायची नाही. वाढलेलं बिलिरुबिन बाळाच्या मेंदूत जाऊन कायमचं नुकसान करतं.

जेवणाच्या पथ्यांचंही असंच अर्धंमुर्धं आहे. कावीळीत हळद बंद करतात, केवळ ती पिवळी म्हणून. त्याला आधार नाही. उसाचा रस द्या म्हणतात. भूक मेलेल्या माणसाला साखर मिळते, ठीक आहे. शहाद्याकडे ऊसही भरपूर. पण रस्त्यावरच्या गाड्यावर, माश्या बसलेल्या ग्लासात, कुठल्या पाण्याचा ते माहीत नसलेला बर्फ टाकून तो रस पिणं म्हणजे ज्या वाटेने कावीळ आली तीच वाट पुन्हा धरणं. घरी धुतलेल्या उसाचा, बर्फ न घालता, चालेल.

आणि लोक भगताकडे का जातात हे समजून घ्या. धडगावच्या एखाद्या पाड्यावरून दवाखाना लांब. नर्मदेच्या काठच्या गावांना तर बोटीतला दवाखाना लागतो. भगत शेजारी असतो, तासभर बसतो, नाव घेऊन बोलतो, ओरडत नाही. आमच्या दवाखान्यांत आणि लॅबमध्ये माणसाला 'नंबर लाव' याशिवाय काही ऐकायला मिळत नाही. त्याबद्दल आम्ही लोकांना अंधश्रद्धाळू म्हणायचं? 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू, कुत्रा चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र किंवा गंडादोरा करणं हा गुन्हा ठरवलाय आणि ते योग्यच आहे. पण त्याच कायद्याने घरातल्या, मंदिरातल्या, दर्ग्यातल्या धार्मिक विधींना हात लावलेला नाही. दुआ करा, दम करून घ्या, कोणी अडवत नाही. गाडीत बसल्यावरही दुआ करता येते.

अक्कलकुव्याला युनानी महाविद्यालय आहे, तिथे शिकलेला हकीमही रक्ताचा रिपोर्ट मागतो. ज्याला रिपोर्ट बघायचाच नाही, त्याच्यापासून मात्र सावध राहा.

मागच्या टेबलावर दोन वाट्या ठेवल्यात. एकीत आंब्याच्या सालीचा रस, दुसरीत चुन्याची निवळी. जाताना सगळ्यांनी हात धुऊन बघा. ज्यांना कावीळ नाही त्यांनी आधी. आणि नंतर साबणाने धुवा, चुना आहे.