विरजण घरचंच लागतं

आजकालची मुलं उधळी झालीत, असं आपण सहज म्हणून टाकतो. हीच मुलं अकरावी-बारावीला पर्यावरण आणि जलसुरक्षेची प्रकल्पवही भरतात. पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितलं होतं. एका सुती टी-शर्टामागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, हेही त्यांना पाठ असतं. आणि वही मिटून ती सेल बघायला बसतात! तेव्हा अडलंय ते माहितीपाशी नाही.

मला विचाराल तर हे दह्यासारखं आहे. दुधाला कृती वाचून दाखवली म्हणून दही लागत नाही, विरजण लागतं. तेही दूध कोमट असताना. आठ-दहा वर्षांच्या पोराने छत्रीची काडी बसवून आणलेली, ताईचा फ्रॉक आखूड करून धाकटीला घातलेला पाहिला, की झालं काम. विशीतल्या मुलाला व्याख्यान द्याल तर उकळत्या दुधात विरजण घालाल, फाटणारच. आणि विरजणच खराब असेल तर? चांगला चालणारा फोन आपण बदलतो, ते मुलं बघत असतात. २३ मार्च २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. पुढच्याच हंगामात भाजीवाल्याकडे 'एक पिशवी द्या हो' म्हणणारे कोण होते? आपणच की!

म्हणून पुन्हा सांगते, मुलं ऐकून शिकत नाहीत, बघून शिकतात. कुणी म्हणेल, मित्रांचं काय, सोशल मीडियावरच्या फोटोंचं काय? एकच ड्रेस दोन फोटोंत दिसला तर चिडवतात म्हणे. खरं आहे, तो दाब मोठा आहे, त्यावर खरं तर वेगळंच बोलायला हवं. पण घरी दुरुस्तीची लाज नसेल, तर मूल तो दाब थोडा तरी पेलतं.

दुसरं, दुरुस्ती करणारा जवळ हवा. कोपऱ्यावरचा चांभार, रफूवाला, मिक्सरवाला टिकला तरच ना! २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं, चांगलं केलं. पण सुटा भाग नव्या वस्तूच्या निम्म्या किमतीला मिळत असेल तर दुरुस्ती करणार कोण?

घरात बंद पडलेला मिक्सर असेलच. येत्या रविवारी तो दुरुस्तीला न्या, मुलांना बरोबर घ्या आणि दुकानदाराशी बोलणं त्यांनाच करू द्या.